आजीनं हापसलं का?

अब्बा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की घरात तुमचा आवाज आठवणारी आता मी एकटीच उरले. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. पण आधी मागच्या महिन्यात मुखेडला काय घडलं ते ऐका, कारण मी अजून त्यातून बाहेर आलेली नाही, आणि ते तुमच्याइतकं कुणाला कळायचं नाही.

तुम्ही गावोगावचे हापसे दुरुस्त करायचात. हापसा जोडून झाला की स्वतः दांड्याला हात लावायचा नाहीत. गावातली सगळ्यात अशक्त बाई शोधायची, तिला बोलवायचं आणि तिची कळशी भरेपर्यंत पाना पिशवीत घालायचा नाही, हा तुमचा कायदा. घरात आपण दखनी बोलायचो, पण हापशापाशी तुमची मराठी अशी सुटायची की बस्स. शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात सरपंच हसत पुढं झाले, "मिस्त्री, मी दाखवतो की हापसून." तुम्ही म्हणालात, "मालक, तुमच्यासारख्या गड्याला कोणता बी हापसा पाणी देईल. त्या म्हातारीला बोलवा. तिला जमलं तर चालू हाय म्हणायचं." सरपंचांना तोंडावर असं बोललेलं ऐकून मला तिथं घाम फुटला होता.

मी आता नांदेडला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. तुमच्या डोळ्यांदेखत लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या, तसंच आता इथं. मुलांच्या सराव परीक्षांसाठी आम्ही कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम वापरतो. तो ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणीही फुकट घ्यावा, आतून उघडून बघावा, बिघडलेलं नीट करावं आणि केलेली दुरुस्ती सगळ्यांना देऊन टाकावी. नवी आवृत्ती निघायच्या आधी देशोदेशीची माणसं ती वापरून बघतात आणि एका लांबलचक यादीत एकेका ओळीपुढं 'चालतं' किंवा 'चालत नाही' असं लिहितात. पगार नाही, एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही. त्यात मीही आहे. तुम्ही आधी म्हणाला असतात, येडी झाली का पोरगी, आणि मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला असतात.

तर मागच्या महिन्यात यादी जवळपास भरत आली होती. 'वीज गेल्यावर लिहिलेली उत्तरं राहतात का' या ओळीपुढंही चार-पाच जणांनी 'चालतं' लिहिलेलं. आमच्या क्लासला इन्व्हर्टर आहे, तिथं वीज गेलेली कळतसुद्धा नाही. मीही लिहिणार होते, पण हात थांबला. दुसऱ्या दिवशी आवृत्ती निघणार होती. मी एक दिवस मागून घेतला आणि रविवारी सकाळच्या एसटीनं मुखेडला गेले. तिथल्या वाचनालयात आम्ही क्लासचा एक जुना कॉम्प्युटर ठेवलाय, आणि बारावीतली एक मुलगी तीन कोसांवरून त्यावर सराव करायला येते. त्यावर नवी आवृत्ती टाकून तिला पेपर सोडवायला बसवलं. अर्ध्या तासानं मीच मेन स्विच बंद केला. परत चालू केला तर शेवटची वीस उत्तरं गायब. मी कपाळाला हात लावला, पण ती शांत. म्हणाली, "मॅडम, असं तर नेहमीच होतंय. मी परत लिहून काढते." मी जरा चिडूनच विचारलं, मग आजवर बोलली का नाहीस? ती म्हणाली, "फुकटचं हाय न्हाई का, मॅडम. त्याला कसं नाव ठेवावं?"

मी जसं झालं तसं लिहून पाठवलं. आणि अब्बा, मग जे झालं ते मी बघतच राहिले. कुठल्या तरी बर्फाच्या देशातल्या माणसानं लिहिलं, असा जुना कॉम्प्युटर आमच्याकडं कुणाकडंच नाही, आवृत्ती थांबवतोय. दुसऱ्या देशातल्या एका बाईनं चूक शोधून काढली, तिसऱ्यानं ती दुरुस्त केली, चौथ्यानं तपासली. मुखेड कुठं आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नसेल. एका पोरीच्या वीस उत्तरांसाठी एवढी माणसं आपापली कामं सोडून बसली होती! पुढच्या रविवारी तिनं स्वतः स्विच बंद केला, चालू केला, आणि सगळी उत्तरं जागच्या जागी. मला तिथं रडू आलं. तिला वाटलं मॅडमला बरं नाही, ती पाणी आणायला पळाली.

नंतर त्या बर्फातल्या माणसानं विचारलं, स्विच बंद करून बघायचं तुम्हाला सुचलं कसं? मी लिहिलं, माझ्या वडिलांनी शिकवलं. ते अर्धंच खरं होतं.

भूकंपानंतरची ती पत्र्याची वस्ती आठवा. कुठून कुठून माणसं ट्रक भरभरून आली होती. तुम्ही रजा टाकून फुकट हापसे बसवत होतात आणि मी, लातूरला बारावीचा क्लास करणारी, सुट्टीत तुमच्याबरोबर आले होते. एक हापसा जोडून तुम्ही वस्तीच्या दुसऱ्या टोकाला गुंतला होतात. मला म्हणालात, त्या हाताला प्लास्टर असलेल्या आजीला बोलव, तिच्याकडून हापसून घे. दुसऱ्या दिवशी माझी टेस्ट होती, लातूरची एसटी सुटायला आली होती. आजी शेडच्या दारात भिंतीकडं तोंड करून बसलेली. तुम्ही लांबून ओरडलात, "आजीनं हापसलं का?" मी ओरडले, "हाव, चाललं!"

पंधरा दिवसांनी तुम्ही तिकडून परत आलात तेव्हा अम्मी भाकरी थापत होती. तुम्ही चुलीपाशी बसलात आणि सांगितलंत, हापशातला चामड्याचा नवा वायसर फार कडक बसला होता, दांडा आजीला हलेना, ती एका हातानं कळशी घेऊन लांबच्या विहिरीवर जात होती. कुणाला बोलली नाही. म्हणाली, फुकट करणाऱ्या माणसाला कसं नाव ठेवावं. मग तुम्ही अम्मीला म्हणालात, "गलती मेरीच हुई. हाथ पे भरोसा नै रहा." त्यानंतर प्रत्येक हापसा तुम्ही दोनदा खोलून बसवायला लागलात. लोक म्हणायचे, मिस्त्री आता म्हातारा झाला.

अब्बा, हात चुकला नव्हता. मी आजीला उठवलंच नव्हतं. दांडा मीच हापसला होता, आणि मलाही तो जड गेला होता.