दोन सेकंदांचा धूर

३ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. एक, रागवायचं नाही. दोन, पहाटे उठायचं. तीन, तिच्याशी कॉम्प्युटर सोडून दुसऱ्या कुठल्यातरी विषयावर बोलायचं.
उठलो साडेनऊला. पहिला दिवस धरायचा नसतो.
हुद्दा लॅब सहायक, पण अख्खी लॅब माझ्या खांद्यावर आहे. नोकरी मामांमुळे लागली असं ताई गावभर सांगते. मामांनी फक्त एक फोन केला. इंटरव्ह्यू मीच दिला. मामा कसे आहेत, एवढंच विचारलं, आणि त्याचं उत्तर मी अचूक दिलं.
कॉलेज मी सोडलं. कॉलेजने मला नाही. तोंडी परीक्षेत परीक्षक माझं जर्नल वाचून हसले, मी ते खिडकीतून भिरकावलं. तत्त्वाचा प्रश्न होता.

५ सप्टेंबर
ती आली. ती पीएचडी करते. बोगद्यात आग लागली तर धूर कसा आणि किती वेळात पसरेल, याचं गणित. आमच्या लिनक्स मशीनवर तिचा प्रोग्राम दहा-बारा दिवस चालतो. तळमजल्यावरचं मोठं मशीन तेच काम एका दिवसात करतं, पण तिथे नंबर लावावा लागतो. तिचा सतरा तारखेचा आहे. चोवीसला समितीपुढे निकाल ठेवायचे. नाही ठेवले तर शिष्यवृत्ती बंद आणि पीएचडी गुंडाळली.
मोठ्या मशीनचं काही खरं नाही, ऐन वेळी बंद पडतं, म्हणाली. इथेच जरा फास्ट होईल का रे?
रे म्हणाली.
होईल म्हणालो. कसं, ते तिने विचारलं नाही. याला विश्वास म्हणतात.

६ सप्टेंबर
दिवसभर अभ्यास. सगळी मेख कंपायलरमध्ये आहे. माणसाने लिहिलेला प्रोग्राम तो मशीनच्या भाषेत उतरवतो. उतरवणारा तरबेज असला की मशीन पळतं.
उमेदवार तीन. फुकटवाला लिनक्सबरोबरच येतो. घरचाच, म्हणून किंमत नाही. हे दुःख मला समजतं. दुसरा नवा, ज्याच्यावरून इंटरनेटवर लोक एकमेकांची लायकी काढतात. तिसरा विकतवाला, महिनाभर चकटफू. शास्त्रीय कसोट्या लावून विकतवाला निवडला. त्याच्या वेबसाइटवर रॉकेट आहे.

७ सप्टेंबर
विकतवाला मशीनवर बसेना. ही फाइल नाही, ती फाइल नाही. कीबोर्डवर हात आपटला. एक बटण उडालं, कपाटाखाली गेलं. हा राग नव्हे, वैताग.
चारला बसला एकदाचा. वेगात फरक थोडाच.
लंबू येऊन डोकावला. तोही पीएचडीवाला, बसतो नेमका तिच्या शेजारच्या टेबलावर. म्हणाला, कंपायलर कसले बदलतोस राजा, आधी वेळ कुठे जातोय ते मोज. मी म्हणालो, तू आधी तुझी उंची मोज. मोजलीये, म्हणाला, तू स्टुलावर चढ, सांगतो. बाहेर काढला. लॅबचे प्रमुख सर त्याला परत घेऊन आले. लॅब सगळ्यांची आहे म्हणे.

१० सप्टेंबर, सोमवार
सापडलं.
तिचा प्रोग्राम दर पायरीला निकाल फाइलीत लिहीत बसतो. नुसती बडबड. लिहायच्या सगळ्या ओळी उडवल्या. विकतवाल्याला म्हटलं, सगळ्यात वरचा वेग लाव. एंटर मारलं.
दोन सेकंद.
पुन्हा चालवलं. दोन सेकंद. दहा-बारा दिवसांचं काम. उभाच राहिलो. कॉलेजमधल्या त्या परीक्षकाची आठवण झाली. त्याला माफ केलं.
तिला बोलावून दाखवलं. तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मग विचारलं, उत्तरं बरोबर येतायत ना? तपासलंस?
तपासलंय, म्हणालो.
त्यात तपासायचं काय? कंपायलर बदलला म्हणून दोन आणि दोन पाच होत नाहीत.
थँक्स म्हणाली. दोनदा. मग माझा नंबर मागितला आणि फोनमध्ये ‘लॅब’ म्हणून सेव्ह केला. डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे आता लॅब म्हटलं की तिला मीच आठवणार.

१२ सप्टेंबर
जेवताना आईला आडून सांगितलं, एक मुलगी आहे. आई काही बोलायच्या आत ताई बोलली. कॉलेज अर्धं, नोकरी मामांची, आता प्रेम तरी पूर्ण आणि स्वतःचं कर. मग म्हणाली, तुमचं जमलंय हे त्या मुलीला कळवलंयस का?
अशा गोष्टी कळवाव्या लागत नाहीत, म्हणालो. ताट सरकवून उठलो. नंतर भूक लागली, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. बिस्किटं खाल्ली.

१४ सप्टेंबर
लंबू मोठ्या मशीनच्या नंबरासाठी तिच्या मागे लागलाय. त्याचंही काम अडलंय. मीच तिला म्हणालो, देऊन टाक. ज्याच्याकडे दोन सेकंद आहेत, त्याने रांगेत कशाला उभं राहायचं?
ती म्हणाली, नक्की ना? माझं सगळं यावर आहे.
डोळे मिटून दे, म्हणालो.
दिला. लंबूने मला बाजूला घेऊन विचारलं, बाबा रे, तू नीट बघितलंयस ना? मी म्हणालो, जळू नकोस. त्याचा चेहरा पडला. हरलेल्या माणसाचा पडतोच.

१८ सप्टेंबर
ती अजून प्रोग्रामला द्यायचे आकडे जुळवतेय. सर म्हणाले, चालवायला घे आता. ती म्हणाली, सर, दोन सेकंदांचं तर काम आहे. हे माझं वाक्य. आता ते तिच्या तोंडी आहे. दोन माणसं अशीच जवळ येतात.

२० सप्टेंबर, गुरुवार
सकाळी ती अंतिम आकडे घेऊन आली. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. निकाल फाइलीत हवेत म्हणून लिहायच्या ओळी परत घातल्या. एंटर.
दोन सेकंद झाले. मिनिट झालं. मशीन गरम होतंय, म्हणालो. तिने डबा खाल्ला. गरम होतंय, म्हणालो. संध्याकाळी चार टक्के.
लंबू आला. मी काय काय काढलं होतं ते बघितलं आणि खुर्ची धरून हसला. म्हणाला, अरे, निकाल कुठे लिहायचाच नाही, पुढे कुठे वापरायचाच नाही, हे कंपायलरला दिसलं. मग तो कशाला राबेल? त्याने सगळं गणितच कापून टाकलं. ते दोन सेकंद तुझा प्रोग्राम काहीच करत नव्हता.
मी म्हणालो, म्हणजे हुशार निवडला.
ती हसली नाही. म्हणाली, तपासलंय म्हणाला होतास.
वेग तपासला होता, म्हणालो.

२१ सप्टेंबर
मोठ्या मशीनचे नंबर महिनाअखेरपर्यंत भरलेले. ती दारोदार फिरली. कुणी सोडेना. लंबूचं काम सतरालाच झालं.
इथे एकूण नऊ दिवस लागतील असं दिसतंय. तिला सांगितलं, तरी दोन-तीन दिवस वाचवलेच की मी. जा, म्हणाली.
रे नव्हता.

२४ सप्टेंबर, सोमवार
समिती. मशीन पंचेचाळीस टक्क्यांवर.
दाराबाहेर उभा राहिलो. एक वाक्य पाठ केलं होतं, कॉम्प्युटर सोडून दुसऱ्या विषयावरचं. आज उकडतंय नाही? असं. ती लवकरच बाहेर आली. डोळे पुसत होती. लंबूच्या हातात तिची बॅग. मी वाक्य म्हटलं. दोघं जिना उतरून गेली.
शिष्यवृत्ती गेली. समितीला माणुसकी नाही.

२५ सप्टेंबर
सरांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. ती आत. सर म्हणाले, तक्रार लेखी द्यावी लागेल, कुणी सांगितलं तुला तपासलंय म्हणून? ती म्हणाली, लॅबमधल्या मुलाने. सर म्हणाले, हो, पण त्याचं नाव काय? तिने फोन काढला. वर-खाली केलं. म्हणाली, सर, माझ्याकडे नुसतं ‘लॅब’ आहे. सरांनी कपाळ चोळलं. त्यांनाही आठवेना. आपल्या त्या ह्यांचा भाचा, म्हणाले.
मीच आत जाऊन नाव सांगितलं. आडनावासकट. सरांनी कागदावर लिहून घेतलं. तिनेही फोनमध्ये काहीतरी टाइप केलं. मी नीट पाहिलं, माझंच नाव होतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.
संध्याकाळी सॉरी म्हणायला फोन लावला. एकदा अर्धा वाजला. आता वाजतच नाही.
लॅबच्या फोनवरून लावून बघितला असता. पण लॅबच्या किल्ल्या सरांनी दुपारीच जमा करून घेतल्या.