ओढ्याच्या वरच्या अंगाला

गुरुजी, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, बांधावर उभं राहून हाक मारली की तुमच्या वस्तीत ऐकू जायची. आता लिहायला बसलोय ते काही चांगलं सांगायचं आहे म्हणून नाही. चार महिने झाले, मला जेवण जात नाही. हात कितीही घासून धुतले तरी घास तोंडाशी आला की वास येतो, आणि तो कशाचा हे मला पक्कं ठाऊक आहे.

राणीसावरगावच्या पुढचा, डोंगराच्या माथ्यावरचा आमचा माळ तुम्हाला आठवत असेल. कुसळांशिवाय तिथं काही येत नव्हतं. पुण्यात एका हॉटेलात बारा वर्षं नोकरी करून मी परतलो आणि त्या माळावर सहा लाकडी खोल्या उभ्या केल्या. पाहुणे त्यांना केबिन म्हणतात. बाजूला तंबू ठोकायला सपाट जागा केली, मधे शेकोटीसाठी दगडांचं गोल रिंगण, मागं संडास आणि न्हाण्यांची रांग. श्रावणात डोंगर हिरवा झाला की नांदेडहून, लातूरहून, पार पुण्याहून गाड्या येतात. निसर्गात राहायचं म्हणून येतात. सोमवारी ते गेले की मी खोल्या उघडतो. अंथरुणात कोंबडीची हाडं, बेसिनमध्ये कोंबलेला लेकराचा डायपर, कोपऱ्यात ओकारी आणि तिच्यावर टाकलेला माझाच पांढरा टॉवेल. एकदा एक बाई मला म्हणाल्या, "इथे माशा फार आहेत हो, काहीतरी करा ना," आणि बोलता बोलता हातातलं उष्टं ताट त्यांनी खिडकीतून बाहेर झटकलं. मला या लोकांची शिसारी यायची. बादली-खराटा घेऊन खोल्या धुताना मी त्यांना मनातल्या मनात शिव्या द्यायचो, आणि आपण त्यांच्यातले नाही याचं मला बरंही वाटायचं.

तुम्ही आमची चौथीची सहल याच डोंगरावर आणली होती. मी ओढ्याच्या काठाला परसाकडला बसलेलो आहे आणि तुम्ही झाडामागून येता. मारत नाही. म्हणता, "टोपीत माती भरून आण." मी तीन खेपा करतो, शाळेची पांढरी टोपी तांबडी होते, पोरं हसायला लागतात. मग तुम्ही मला हाताला धरून पावलं मोजत चालवता. शंभर झाल्यावर थांबता आणि सांगता, "हितं बसायचं. पाण्याजवळ न्हाई. खाली आमी राहतो." नंतर ती टोपी तुम्ही स्वतः धुऊन दिलीत. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी मला तुमच्या घरी बोलवायचात तेव्हाचंही आठवतं. चुलीपाशी गुरुमाय भाकरी थापायच्या, पलीकडं तुमची लेक पाढे म्हणायची, आणि तुम्ही मला भागाकार शिकवायचात. मी तिथं जेवायचो. घरी सांगायचो नाही.

गेल्या पावसाळ्यात संडासाची टाकी भरली. उपसायची गाडी गंगाखेडहून यायची. ड्रायव्हर म्हणाला, चिखल हटल्याशिवाय घाट चढत नाही. सलग सुट्ट्या आल्या होत्या, सगळ्या खोल्यांत माणसं होती आणि टाकीचं झाकण वर उचललं जायला लागलं होतं. मला खोल्या बंद करता आल्या असत्या. मी टाकीला पाइप जोडला आणि त्याचं तोंड ओढ्यात सोडलं. चार दिवसांपुरतं, असं स्वतःला सांगितलं. पाऊस आहे, सगळं वाहून जाईल, असंही सांगितलं. ओढा वाहून कुठं जातो हे मला माहीत नव्हतं असं नाही. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या तुमच्या विहिरीला पाझर त्याच ओढ्याचा.

चार दिवसांचे तीन आठवडे झाले. तुमची लेक आता वस्तीत आशाताईचं, घरोघरी औषधं देण्याचं काम करते. एका सकाळी ती बाटलीत पाणी घेऊन वर आली. "दादा, वास घ्या बरं. दोन दिस झाले, पाण्याला वास यायलाय."

मी वास घेतला. म्हणालो, "पाला कुजला असंल वरून आलेला. पावसात होतंच असं."

"उकळून प्या म्हणून सांगते मग सगळ्यांला," ती म्हणाली आणि गेली. माझ्यावर तिनं विश्वास ठेवला. त्या दिवशी मी पाइप काढला असता तरी एक वेळ ठीक होतं. मी काढला नाही, दुपारी दोन गाड्या यायच्या होत्या.

त्याच आठवड्यात वस्तीतल्या दोन लेकरांना जुलाब-उलट्या लागल्या. एकीला गंगाखेडच्या दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. ती सहा वर्षांची, तुमच्या लेकीची नात. वाचली, गुरुजी. दोघंही वाचली, एवढं आधी सांगतो. तुमची लेक दवाखान्यातून परतली आणि तिचा निरोप आला, उद्या ओढ्यानं चालत वर येते, काय मेलंय बघते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पाइप उपटला. फावडं न्यायचंही सुचलं नाही, हातानंच माती ओढली, काळा चिखल झाकला, वर पाला पसरला. गुडघ्यापर्यंत बरबटलो होतो. धुवायच्या आत ती काठी टेकत ओढ्याच्या वळणावर आली. तिनं नवी माती बघितली. मला बघितलं. मग म्हणाली, "तुमच्या हातालाच वास यायलाय, दादा."

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण तिच्या मनगटावर दवाखान्यातली चिकटपट्टी तशीच होती, लेकराची सुई धरून बसताना चिकटलेली. "मीच सोडलं," एवढं म्हणालो.

"मला कशाला सांगायलाव? खाली येऊन सगळ्यांसमोर सांगा."

मी गेलो. विहाराच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं. एक म्हातारे उठून निघून गेले. दुसऱ्या आजारी पोराची आई म्हणाली, "वरच्यांची घाण खालच्यांनीच खायची, असंच समजलाव न्हवं तुमी?" मी असं समजलो नव्हतो, असं मला म्हणायचं होतं. मग मी काय समजलो होतो, ते मात्र सांगता येईना. ज्या पाहुण्यांची मला शिसारी यायची त्यांनी निदान आपली घाण माझ्या खोलीत टाकली होती. मी ती लेकरांच्या पाण्यात सोडली.

खोल्या बंद केल्या. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, ओढ्यापासून लांब, नवी पक्की टाकी बांधली. विहीर उपसायला वस्तीतली चार माणसं आणि मी खाली उतरलो. तीन दिवस गाळ काढला, पावडर टाकली. पाणी दोनदा तपासून आणलं, चांगलं निघालं. तुमच्या लेकीनं तपासणीचा कागद सगळ्यांना वाचून दाखवला. लोक माझ्याशी आता कामापुरतं बोलतात, आणि ते बरोबरच आहे. केबिनी पुन्हा उघडायच्या की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

हे पत्र तुमच्या लेकीच्या हाती द्यावं असं एकदा मनात आलं होतं. देणार नाही, कारण शेवटची गोष्ट तिला कळायला नको. कागद वाचून झाल्यावर तिनं पहिली घागर शेंदली, सगळ्यांना पाणी दिलं आणि एक तांब्या माझ्यापुढं केला. सगळे बघत होते. मी म्हणालो, आत्ताच चहा झालाय. तिनं तांब्या मागं घेतला. मी सकाळपासून चहा घेतला नव्हता, गुरुजी.