तीन काळ्या फळ्या, दोन फिक्या

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेला, गावच्या शाळेत जेवढे शिकवले तेवढे शिकलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरत नाही, हे अक्षरावरून दिसेलच. कोणी मानेवर बसून माझ्याकडून हे लिहून घेत नाही. उलट बायको दोनदा दारात येऊन "अहो, कशाला हे असलं अभद्र लिहीत बसलात" असे म्हणून गेली आहे.

परवा माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, आमचं रोजचंच काम आहे. गिऱ्हाइकाकडे दार बसवताना मीही हेच म्हणतो, तरी निघण्याआधी ते एकदा उघडून-लावून बघतो. हे लिखाण म्हणजे तेवढेच समजावे. देवाच्या मनात काय आहे ते त्याचे त्याला ठाऊक. माझ्या माघारी घरात गोंधळ राहू नये, एवढे माझ्या हातात आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात पूर्णपणे पत्नीचे. वरची खोली मुलीला हवी तितके दिवस वापरता यावी. मागचे दार दमट हवेत अडते. त्याला कोणी रंधा मारू नये. हवा कोरडी झाली की ते आपोआप सुटते. घाई केली तर थंडीत फटीतून वारा येईल आणि मग सुताराच्या घराचे दार म्हणून लोक हसतील.

कलम २. बँकेत जे काही आहे ते पत्नीचे. किती आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त चांगले माहीत आहे, म्हणून आकडा लिहीत नाही.

कलम ३. कामाची जागा, लाकूड आणि सगळी हत्यारे मुलीची. वडिलांचा मोठा रंधाही तिचाच. त्याची मूठ माझ्या वडिलांच्या आणि माझ्या तळव्याने झिजली आहे, तिच्या हाताला ती सुरुवातीला मोठी वाटेल. शेजारच्या नळवाल्याला पटाशी उसनी देऊ नये. एकदा त्याने माझ्या धार लावलेल्या पटाशीने रंगाचा डबा उघडला. त्याला मी मनापासून माफ केले आहे, पण पटाशी देऊ नये.

काम सुरू करण्याआधी मी मनातल्या मनात देवाचे नाव घेतो. मुलीने घ्यावेच असे नाही. मात्र करवत चालू करण्याआधी क्षणभर थांबावे. नाव नाही घेतले तरी बोटे वाचतात.

कलम ४. आता मांडणीबद्दल. हे कलम लांबेल.

स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीशी जी पाच फळ्यांची मांडणी आहे, ती माझ्या वडिलांनी खोक्यांच्या लाकडातून आईसाठी केली होती. साधी, सरळ, कुठे नक्षी नाही की गोलाई नाही. पुढे तिला हिरवा तेलरंग लागला, मग त्यावर दुसरा हिरवा. बायकोचे डबे तिच्यावर असायचे आणि कोणी तिच्याकडे मान वर करून बघत नसे. मग मुलीने फोनवर एक चित्र दाखवले.

"बाबा, आपल्या मांडणीचं असं करायचं. खरबरीत लाकूड, काळं लोखंड, कोपऱ्यांना मोठे बोल्ट. इंडस्ट्रियल म्हणतात याला."

"म्हणजे काय?"

"कारखान्यातल्यासारखं दिसणारं."

"दिवसभर कारखान्यासारख्या जागेत असतो मी. आता घरी जेवायला येऊन पुन्हा कारखानाच बघायचा?"

"लोक पैसे देऊन नवं सामान जुनं करून घेतात, बाबा."

"मी फुकटात जुना झालो, मला कोणी विचारलं नाही."

पण तिचे खरे होते. गिऱ्हाइकांना तसेच हवे होते, आणि दाखवायला एक नमुना लागणार होता. आम्ही मांडणी सुटी केली. रंग खरवडला, पॉलिश पेपर मारला, मग तारेचा ब्रश रेघांच्या दिशेने दाबून फिरवला. मऊ लाकूड निघून गेले, कठीण रेघा वर आल्या. वडिलांनी गुळगुळीत केलेले लाकूड मी मुद्दाम खरबरीत करत होतो. मनात म्हटले, बाबा, रागावू नका, तुमच्या नातीचा हट्ट आहे.

लोखंडासाठी माझ्या धाकट्या भावाला बोलवावे लागले. तो वेल्डिंग करतो. त्याला सगळे ठिणगी म्हणतात, कामामुळे आणि स्वभावामुळे. इथे थोडे मागचे सांगणे भाग आहे.

वडिलांच्या वेळी सुतारकाम आणि वेल्डिंग एकाच छपराखाली चाले. एकदा भुशाला आग लागली. विझली, पण आमचे सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. जे प्रत्येकाच्या मनात होते ते माझी बायको बोलली, की ठिणगी आणि भुसा एका छपराखाली नकोत. तिला काम म्हणायचे होते. भावाला वाटले, त्याला म्हणाली. तो चार लोकांसमोर म्हणाला, "वहिनी, तुम्ही या घरात आलात त्याच्या आधीपासून मी इथे आहे." त्याने वेल्डिंगचे सामान उचलले आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दुकान मांडले. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी थेट बोललेले नाहीत. तो माझ्याकडे येतो, इथे जेवतो, मुलीचे लाड करतो. बायको त्याच्या आवडीचे करते, ताट नीट वाढते. फक्त बोलणे माझ्यामार्फत.

"अहो, भावोजींना विचारा, अजून भात हवाय का."

"दादा, वहिनींना सांग, पोट भरलं."

दोघांमध्ये एक ताट असते आणि मी. या घरात मी सुतार आहे त्याहून जास्त टपालवाला आहे.

तर भावाने लोखंडाची चौकट केली. बोल्टची भोके मी त्याला लांबट करायला लावली.

"लांबट कशाला, दादा?"

"लाकूड श्वास घेतं. हवा बदलली की फुगतं, आखडतं. जागा दिली नाही तर तडकतं."

"आणि माझं लोखंड काय करतं?"

"तुझं लोखंड रुसून बसतं."

तो हसला. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे बायकोनेही ऐकले होते.

राहिला रंग. मुलीची रीत अशी: आधी लाकडाला कडक कोरा चहा लावायचा. तो वाळला की वरून लोखंडाचे पाणी, म्हणजे भांडी घासायची तारेची घासणी काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेले पाणी. नुसता चहा लावला तर लाकूड जेमतेम पिवळे होते. नुसते लोखंडाचे पाणी लावले तर राखेसारखे होते. दोन्ही भेटली की बघता बघता काळे पडते, शंभर वर्षांचे वाटावे असे. चहाचे काम तिने आईला दिले, लोखंडाच्या पाण्याचे काकाला, आणि ती गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेली. मी नेमका त्या दिवशी तपासण्यांसाठी दवाखान्यात होतो.

बायकोने अंगणात तीन फळ्यांना चहा लावला. चहा संपला, म्हणून आणखी करायला ती आत गेली आणि दुसऱ्या कामात अडकली. तोवर त्या फळ्या वाळल्या आणि भाऊ बाटली घेऊन आला. बायकोने खिडकीतून पाहिले की तो पाचही फळ्यांना पाणी लावतो आहे. त्याने खिडकीतून पाहिले की गॅसवर पातेले आहे. मी संध्याकाळी आलो तेव्हा तीन फळ्या काळ्याभोर आणि दोन राखेच्या रंगाच्या.

"अहो, त्यांनी विचारलंच नाही."

"दादा, त्यांनी सांगितलंच नाही."

दोघेही खरे बोलत होते.

मी त्या फळ्या तशाच मेण लावून बसवल्या, म्हटले मुलगी आली की बघू. ती येण्याआधी एक गिऱ्हाईक आले आणि म्हणाले, आम्हाला अश्शीच हवी, तीन काळ्या दोन फिक्या. मग दुसरे आले. आज गावात कितीतरी घरांत तशी मांडणी आहे. लोक आमच्या घरातल्या अबोल्याची ऑर्डर देतात आणि त्यांना ते माहीत नाही. पण मला त्या दोन फळ्या दिसल्या की एकच गोष्ट कळते: मी एक दिवस घरी नव्हतो, तर हे झाले.

म्हणून लिहितो. मांडणी पत्नीची. ती विकू नये, जागेवरून हलवू नये. त्या दोन फळ्यांना रंग देण्याचा अधिकार मुलीला नाही, कोणत्याही कारागिराला नाही. तो फक्त पत्नी आणि भाऊ या दोघांना, आणि तोही दोघे एकत्र असतील तरच.

कलम ५. मांडणीच्या बोल्टला बसणारा जुना पाना आणि लोखंडाच्या पाण्याची बाटली मी भावाला देतो. हवा बदलली की लाकूड आखडते आणि नट ढिले होतात, तेव्हा ते आवळावे लागतात. म्हणजे पाना त्याच्या घरी आणि मांडणी माझ्या घरी राहील. मी नसलो तरी त्याला यावे लागेल. हे मी मुद्दाम केले आहे, कोणी चूक समजून दुरुस्त करू नये.

कलम ६. निरोप पोचवण्याचे माझे काम मी कोणालाही देत नाही. मुलीला तर अजिबात नाही. तिने ते दयेपोटी उचलू नये. आई म्हणाली "काकांना सांग", तर तिने बहिरे व्हावे. काका म्हणाला "आईला सांग", तर हातातले काम करत राहावे. ते काम माझ्याबरोबर संपेल. सगळ्या मृत्युपत्रात मला याच कलमाची काळजी आहे. घर, हत्यारे, पैसे यांचे कसेही निभेल. ही दोन माणसे मला सारखीच प्रिय आहेत. माझ्यामागे ती एकमेकांना पारखी झाली, तर मी काही मागे ठेवले असे मला वाटणार नाही.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पत्नी आणि भाऊ यांनी मिळून करावी. प्रत्येक कागदावर दोघांची सही लागेल. एकाच टेबलावर.

पुरवणी. वरचे सगळे सकाळी लिहून झाले होते. आता संध्याकाळ आहे आणि थोडे वाढवावे लागत आहे.

परवा दवाखान्यात जायचे म्हणून भाऊ आजच नट आवळायला आला. मी इथेच टेबलाशी बसलो होतो. आतून बायको म्हणाली, "अहो, भावोजींना म्हणावं चहा झालाय."

कलम सहा नुकतेच लिहिले होते. मी गप्प राहिलो.

"दादा, वहिनी काहीतरी म्हणाल्या."

मी लेखणीचे टोक बघत बसलो. भाऊ पुन्हा नट आवळू लागला. देवाचे नाव घेत होतो. मग बायको स्वतः पातेले घेऊन बाहेर आली आणि तिने ते खालच्या फळीवर ठेवले.

"भावोजी, चहा."

त्याने मांडणीवरचा कप घेतला, बुडवला, एक घोट घेतला. तोंड कडू झाले.

"वहिनी, साखर विसरलात. दूधपण."

"पिण्याचा नाहीय तो. त्या दोन फळ्यांचा आहे."

त्याने कप खाली ठेवला. नंतर फळीवरून बोट फिरवून म्हणाला, "वर मेण लागलंय. आधी घासावं लागेल."

"घासा मग."

"तेव्हा सांगितलं असतंत तर तेव्हाच झालं असतं."

"तेव्हा विचारलं असतंत तर."

"पातेलं दिसलं होतं मला."

"मग दिसलं होतं तर थांबायचं ना."

हे लिहीत असताना दोघे भांडत आहेत. मोठ्याने, थेट, मधे मला न घालता. तो पॉलिश पेपर मारतो आहे आणि ती कुठे राहिले ते दाखवते आहे. मुलीला नमुना बदलल्याचे उद्या कळेल, ती चिडेल. तिने जुन्या मांडणीचा फोटो वापरावा.

कलमे चार ते सात मी खोडत नाही. दार आज नीट लागले म्हणून कोणी बिजागऱ्या काढून ठेवत नाही.

हे मृत्युपत्र मी वाचले, तेच माझ्या मनात आहे. खालील दोघांनी माझी सही त्यांच्या डोळ्यांदेखत होताना पाहिली आणि मग माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या. दोघांपैकी कोणालाही यातून काहीही मिळत नाही.

(सही) सुतार

साक्षीदार पहिले: (सही) समोरचे घड्याळवाले
साक्षीदार दुसरे: (सही) शेजारचे नळवाले. कलम ३ वाचले. तो डबा घट्ट बसला होता.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघराबाहेर
दिनांक: दवाखान्यात भरती होण्याच्या दोन दिवस आधी, मंगळवार

टीप: साक्षीदारांनी सह्या गुडघ्यावर कागद ठेवून केल्या, म्हणून अक्षर वाकडे आहे. टेबलावर पातेले आणि बाटली होती आणि मांडणीच्या फळ्या ओल्या होत्या.