परीक्षक मधूनच विचारतात

गुरुजी,

लेकीची आज मुंबईत तोंडी परीक्षा आहे आणि मी इथे, दोह्याच्या उत्तरेला समैस्मा नावाच्या गावात, समुद्राकडे तोंड करून गाडीत बसलो आहे. शुक्रवार आहे, सुट्टी आहे. घरी थांबलो असतो तर बायकोने मला दोनदा चहा दिला असता आणि तिसऱ्यांदा घराबाहेर काढलं असतं, म्हणून आपण होऊनच निघालो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्याशी बोलायला आता कुठलंही निमित्त पुरतं. पण आजचं निमित्त खरोखरच तुमचं आहे. परीक्षेला बसली आहे ती तुमच्या शिष्याची मुलगी, आणि शेवटचे काही दिवस तिला शिकवलंय तेही खरं तर तुम्हीच.

आधी परीक्षा कसली ते सांगतो, कारण माझ्या बोटीवरच्या नोकरीबद्दल तुम्ही जन्मात एकच चौकशी केलीत, ती म्हणजे तिथे वरणभात मिळतो का. मालवाहू बोटीवर अधिकारी व्हायचं तर शेवटी एका खोलीत एका मुरलेल्या कप्तानासमोर बसावं लागतं. टेबलावर लहान लहान लाकडी बोटी मांडलेल्या असतात. तो त्यातली एक सरकवतो आणि म्हणतो, "ही तुझी. रात्र आहे. उजव्या अंगाला लाल दिवा दिसतोय. बोल." कागद नाही, पेन नाही. ही रीत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांची. त्याआधी त्यांच्याकडे बोटीवर अधिकारी व्हायला मालकाचा भाचा असणं पुरत असे. अशा भाच्यांनी इतक्या बोटी खडकांवर घातल्या, की अखेर कायदा करावा लागला: आधी परीक्षा द्या, मग बोट चालवा. उमेदवाराला सोबत दाखला आणावा लागे, की हा माणूस शुद्धीत असतो, दारू पिऊन पडत नाही. तो दाखला देणारा कप्तान स्वतः कोणत्या अवस्थेत सही करी, याबद्दल मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांनी मौन पाळलं आहे.

या जुन्या गोष्टी मला माहीत असतात, कारण आता माझा धंदाच तो आहे. बोटीवर जाणं सोडून मी इथे बंदरातल्या टगबोटींच्या कप्तानांना परीक्षेसाठी तयार करतो आणि मग त्यांची परीक्षाही मीच घेतो. म्हणजे स्वयंपाकी मीच आणि जेवण झकास झालं म्हणणाराही मीच. सध्या इथे फुटबॉलचा वर्ल्ड कप येऊ घातलाय. सगळं शहर लग्नघर झालंय. काल होता तो रस्ता आज नसतो, आणि ज्याला त्याला कसलं तरी प्रमाणपत्र हवं असतं. शिडी चढायचं प्रमाणपत्र आहे, ती शिडी धरून ठेवायचं वेगळं आहे.

त्या इंग्रजांची एक गोष्ट मात्र मला आवडते. कायदा आला तेव्हा जे जुने लोक आधीच बोटी चालवत होते, त्यांना परीक्षा माफ केली. नव्यांना पात्रतेचं प्रमाणपत्र, जुन्यांना सेवेचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुम्ही डोळ्यांपुढे आलात. आपल्या पाठशाळेला अनुदान हवं तर शिक्षकाकडे पदवी हवी, असं सरकारने कळवलं, तेव्हा तुम्हाला सेवेचं प्रमाणपत्र द्यावं हे कुणाला सुचलं नाही. अजून दिसतं मला. तुम्ही पिकल्या केसांनी, धुतलेलं उपरणं घेऊन, आमच्याच परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसला आहात. पर्यवेक्षक तुमचा जुना विद्यार्थी. तुम्ही मान वर केलीत की तो बिचारा दचकून उभा राहतो. पहिल्याच प्रश्नात तुम्हाला प्रश्नकर्त्याची चूक सापडली आणि सगळा वेळ तुम्ही तीच दुरुस्त करत बसलात. बाहेर आल्यावर आम्ही विचारलं, "गुरुजी, पेपर कसा गेला?" तुम्ही म्हणालात, "पेपर बरा होता. काढणाऱ्याला उत्तरं येत नसावीत." दुसऱ्या वर्गात पास झालात. तो निकाल काकूंनी तुमच्यापासून लपवून ठेवला होता म्हणे, तुम्ही रागावून परत बसाल या भीतीने.

तर लेक. लेक दोनदा नापास झाली आहे. लेखी पेपर सगळे सुटले, तोंडीला दोन्ही वेळा गाडं अडलं. एका कंपनीने बोटीवर तिच्यासाठी जागा राखून ठेवलीय, पण या खेपेपर्यंतच. आज गेलं तर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळेल, आणि मग तिला पुन्हा कोण, कधी घेईल, सांगता येत नाही. दुसऱ्यांदा नापास होऊन ती इथे, मदिनत खलीफातल्या आमच्या घरी आली, तेव्हा चार दिवस खोलीतून बाहेर पडली नाही. पाचव्या दिवशी जेवायला येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मेबी आय ॲम जस्ट नॉट मेड फॉर इट." मराठीत ती क्वचितच बोलते. इथल्या शाळांनी केलेला हा संस्कार. कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत. मात्र समुद्रावरचे नियम मी तिला लहानपणापासून तुमच्या पद्धतीने, अनुष्टुभात बांधून पाठ करून घेतले आहेत. मराठीत उत्तर न देणारी पोर संस्कृतात बोटी वळवायची:

रक्तदीपं यदा पश्येत् स्वदक्षिणदिशि स्थितम् ।
नौकां दक्षिणतो नीत्वा पृष्ठतस्तस्य गच्छतु ॥

उजवीकडे लाल दिवा दिसला, म्हणजे दुसऱ्या बोटीची डावी बाजू दिसली, की उजवीकडे वळून त्याच्या मागून जावं. विध्यर्थी "पश्येत्"नंतर आज्ञार्थी "गच्छतु" का, असं तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. वृत्तात बसत होतं म्हणून.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी लोणच्याची बरणी तिच्यापुढे ठेवली आणि मिठाची बाटली उजवीकडून सरकवली. "बरणी तू. मीठ, लाल दिवा. बोल."

 मी थांबलो. मीठ सरकत सरकत बरणीला टेकलं तरी ती गप्प.  मला वाटलं, हिला खरंच येत नाही.

बायको ताटं उचलत होती. "अहो, ओठ हलतायत."

"कुणाचे?"

"मिठाचे! तिचे, आणखी कुणाचे?"

लेक दचकली. मग म्हणाली, "आय स्टार्ट फ्रॉम द फर्स्ट वन, बाबा. इन माय हेड. लाल दिवा इज द इलेव्हन्थ श्लोक."

"तिथे परीक्षकासमोरही?"

"ऑफ कोर्स. लास्ट टाइम ही वेटेड, अँड वेटेड. देन ही सेड, मिस, वी हॅव कोलाइडेड."

बायकोने ताटं तशीच खाली ठेवली. "पोरीला बोटीवर पाठवायचंय का कीर्तनाला? बुडवा ते श्लोक तुमचे एकदाचे, खलास."

 मला तुमच्या हातातली उदबत्तीची काडी दिसत होती. जळून उरलेली, टोकाला काळी. सकाळ आहे, काकूंच्या स्वयंपाकघरात भाताला कढ येतोय, त्याचा वास येतोय, आणि आम्ही ओळीने बसलो आहोत. तुम्ही पोथी मिटलेली धरता, डोळे मिटता आणि काडी कुठेही आत खुपसता. पान उघडतं. काडी जिथे टेकली तिथून पुढे म्हणायचं आणि अर्थ सांगायचा. शलाका परीक्षा. मी हळूच मनात अध्यायाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो, वेळ काढतो, आणि तुम्ही डोळे न उघडताच म्हणता, "आलास का रे वाटेने चालत? पहिल्यापासून म्हणावं लागतं म्हणजे तुला येत नाही, तुझ्या जिभेला येतं. भात मिळेल, पण सगळ्यांचा झाल्यावर." त्या दिवशी मला पातेल्याच्या तळाची खरवड मिळाली.

इंग्रजांच्याही ध्यानात ते आलं होतं, बरं का. तिथे बंदराबंदरांत घोकंपट्टी करून घेणारे मास्तर बसले होते. उमेदवार सगळी उत्तरं क्रमाने पाठ करून यायचे. मग परीक्षक उत्तर अर्ध्यावर असतानाच टेबलावरची बोट फिरवून ठेवू लागले. वारा बदलला, आता बोल. तुमची आणि त्यांची ओळख असती तर जमलं असतं. फक्त त्यांच्या त्या शुद्धीच्या दाखल्याचं काय करायचं ते तुम्हाला पाहावं लागलं असतं.

त्या दिवसापासून घरात काडी सुरू झाली. लेक दात घासत असली की बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "हिरवा, डावीकडून!" आणि फेसाने भरलेल्या तोंडातून उत्तर यायचं, "कीप गोइंग! ही विल टर्न!" आधी ती अडखळायची, डोळे वर लावायची, ते श्लोकाकडे गेल्याचं लक्षण. मी म्हणायचो, "चालत येऊ नकोस." एका संध्याकाळी सूक वाकिफच्या जुन्या बाजारात मसाल्यांच्या गल्लीत शिरलो होतो. समोरून सामानाची हातगाडी घेऊन एक म्हातारा हमाल सरळ अंगावर आला. मी उभा राहिलो. माझ्या वयाला साजेसं. लेकीने माझा दंड धरला, "उजवीकडे!" म्हणाली आणि मला वेलदोड्याच्या पोत्यांवर ढकललं. हमालही आपल्या उजवीकडे झाला आणि "शुक्रन, शुक्रन" करत नीट निघून गेला. दोघं समोरासमोर आले की दोघांनीही उजवीकडे व्हायचं, हा नियम. माझ्या सदऱ्याला रात्री उशिरापर्यंत वेलचीचा वास होता. पण ती गप्प राहिली नव्हती, आणि मराठीत बोलली होती.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला.

"बाबा, पास!"

पलीकडे रहदारीचा आवाज, तिचा श्वास वर-खाली. सांगत सुटली. परीक्षकाने बोटी मांडल्या, उत्तराच्या मध्येच फिरवल्या, धुकं आणलं, मग आणखी एक बोट आणली जिचे दिवे कशातच बसत नव्हते. "आय हॅड नो आयडिया, बाबा. श्लोकच नाही त्याचा. मग मी म्हणाले, सर, वेग कमी करीन आणि कॅप्टनला बोलावीन. तो म्हणाला, कॅप्टन झोपलाय. मी म्हटलं, उठवीन. ही लाफ्ड! अँड ही साइन्ड." पुढच्याच महिन्यात बोट. हिवाळ्यात, उत्तर अटलांटिक.

उत्तर अटलांटिक हिवाळ्यात कसा असतो हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. मी पाठशाळा सोडून निघालो त्या सकाळी तुम्ही पाठमोरे बसून पूजेची फुलं निवडत होतात. मी नमस्कार केला. तुम्ही "हं, ये" म्हणालात आणि वळला नाहीत. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो, की तुम्ही रागावला होतात.

हे पत्र कुठे टाकणार? गाडीच्या कप्प्यात जाईल, तिथे जुने पार्किंगचे कागद आहेत, त्यांना सोबत होईल. फक्त एक गोष्ट राहिली. ती पास म्हणाल्यावर माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, बराच वेळ. सकाळपासून मी तिच्या पास होण्याची वाट पाहत बसलो होतो, अशी माझी समजूत होती; पास म्हणजे ती निघणार, हे तेव्हा कुठे उमगलं. पलीकडून ती विचारत होती, "हॅलो? बाबा? आहात ना?" मग मी शाब्बास म्हणालो, दोनदा म्हणालो, आणि सांगितलं की मध्ये रेंज गेली होती.

समैस्माला रेंज उत्तम असते, गुरुजी.