रजईतल्या कापसाच्या हिवाळी चित्राबाबत

प्रति,
मा. सचिव,
शाळा समिती, अंकुर मराठी बालक मंदिर,
रुआबांधा, भिलाई, जि. दुर्ग (म.प्र.)

विषय : बालवर्गाचे 'हिवाळा' हे चित्र भिंतीवर राहू देणे व चित्रकलेचा तास पूर्ववत सुरू करणेबाबत.
संदर्भ : आपले दि. १७ डिसेंबरचे पत्र.

महोदय,

चित्र उतरवावे, तास बंद करावा व पालकांचा कापूस परत करावा, असा आपला आदेश मिळाला. त्याबाबत सविनय खुलासा करते.

पुस्तकातील बर्फाचे चित्र पाहून बालवर्गातील चंपतने विचारले, "बाई, इथं घरावर कापूस काहून पडला?" भिलाईत बर्फ कुठून दाखवणार? म्हणून मुलांना घरून चिमूटभर कापूस आणण्यास सांगितले. कु. रंभाने मात्र पिशवी भरून आणला व सर्व मुलांनी तो आनंदाने चिकटवला.

दोन दिवसांनी तिचे वडील श्री. मारोतराव रात्रपाळी करून थेट वर्गात आले. "बाई, परवा मी रातभर रजईची नुसती खोळ पांघरून कुडकुडलो!" असे ते म्हणाले. त्यांचा राग रास्त होता. तक्रार त्यांनीच केली.

आदेशानुसार मी कापूस सोडवू लागले. परंतु खळ पक्की बसल्याने कागदच फाटू लागला व मुले रडू लागली. अखेर मारोतरावांची रजई भरून देण्यासाठी माझ्या घरचा कापूस आणला आणि रविवारी पिंजाऱ्याला शाळेच्या अंगणात बसवले. कापूस पिंजताना सगळीकडे तंतू उडाले. मुले तोंड वर करून नाचू लागली, "बाई, बर्फ पडून राहिला!" आवार घाण झाल्याचे मला मान्य आहे. मी स्वतः झाडले.

रजई न्यायला आलेल्या मारोतरावांच्या मिशाही पांढऱ्या झाल्या. त्यांनी चित्र पाहिले व आपला कापूस कोणता, असे विचारले. रंभाने सर्वांत उंच पहाडावर बोट ठेवले. त्यांनी त्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "राहू द्या, बाई. मी पहाड पांघरून झोपत होतो, मलेच मालूम नव्हतं."

त्यांनी तक्रार मागे घेतली आहे. तरी चित्र राहू द्यावे व तास सुरू करावा, ही विनंती. पुढील महिन्याचा विषय 'पक्षी' आहे. पिसांसाठी कोणाच्याही कोंबडीला हात लागणार नाही, याची मी लेखी हमी देते.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,
वच्छला बोरकुटे
शिक्षिका, बालवर्ग
दि. २१ डिसेंबर १९८७

सोबत : श्री. मारोतराव यांचे तक्रार मागे घेतल्याचे पत्र.