दाराजवळची खुर्ची

अप्पा,

तुमच्या समदर्शित्वाविषयी काही निवेदन करावयाचे आहे. तुम्ही दिवंगत असल्यामुळे मध्येच "बाकावर उभा राहा" म्हणणार नाही, ही या पत्राची मुख्य सोय.

म्हैसूरच्या त्या शाळेत तुमचे दंडविधान एकच होते: जागेवरून उठेल तो तास संपेपर्यंत बाकावर उभा. खोडी म्हणून उठणारा, शेजाऱ्याचे पाहून उठणारा आणि अंगातच अस्वस्थता घेऊन जन्मलेला माझा दादा, तिघांना एकच काढा. पहिला एका दिवसात शहाणा झाला. दुसऱ्याला तुमची नुसती नजर पुरली असती. दादा मात्र वर्षभर उभाच राहिला. फळा आमच्यापेक्षा अधिक उंचीवरून दिसला, एवढाच त्याचा शैक्षणिक लाभ.

स्वयंपाकघर आठवते. तुमच्या पित्तप्रकृतीस्तव आई सारू, म्हणजे इकडचे तिखट सार, दोन पातेल्यांत करी; बिनमिरचीचे तुमचे, उरलेले आमचे. दादा परसात पाणी शेंदतो आहे. मी ताटावर. वाढता वाढता ती म्हणते, "अहो, त्याला दाराशी बसवा की. मधनं एकदा पाणी आणायला धाडा. घरी मी तेच करते, मग बसतोय बघा गप."

"वर्गात मला मुलगा नाही. सगळे समान," असे उद्गारून तुम्ही स्वतंत्र पातेल्यातले सारू निर्विकारपणे भुरकता.

आठवीत दादा शाळेतून उठला तो कायमचा. तुमच्या निरोप समारंभात वक्त्यांनी तुमची निःपक्षपाती वृत्ती गौरवली: पोटच्या पोरालाही सूट नाही! टाळ्या पडल्या. दादा फाटकाबाहेर सायकलला टेकून उभा होता.

आता मीही मास्तर आहे. आमच्या काळी याचे शास्त्र झाले आहे: नियम सर्वांना, आठवण काहींना, स्वतंत्र व्यवस्था एकदोघांना. सहावीतली एक मुलगी भर तासात बाहेर पळे. तिचे नाव कमी करण्याचे घाटत होते. "एल्लारिगू ओंदे रूल्स अल्वा, सर?" सहशिक्षिकेने विचारले, सर्वांना एकच नियम नको का? म्हटले, "मॅडम, मग तुमचा चष्माही सगळ्या वर्गाला लावू." मुलीला दाराजवळ खुर्ची दिली, आणि तासाच्या मध्यावर पाण्याचा तांब्या भरून आणण्याचे अधिकारपद. ती टिकली.

परवा दादा, हेब्बाळच्या कारखान्यातली पाळी संपवून, माझा विसरलेला डबा घेऊन वर्गाशी आला. वर्ग रिकामा होता. "ही खुर्ची कोणाची रे, अशी दारात?" मी सांगितले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. उभे राहण्याचा अभ्यास दांडगा.

"एवढंच लागत होतं होय?"

"त्या काळी हे कोणाला ठाऊकच नव्हतं, दादा," मी म्हणालो.

आईचे ते बोलणे त्याने कधी ऐकले नाही. मी ऐकले होते, तुम्हीही. तरी तोंडातून निघाले ते हेच. तुम्हाला सूट दिली, अप्पा.