दोन्ही हातांत धरलेला कप

नेपरव्हिल, अमेरिका, रविवार, १५ जानेवारी २००६

संध्याकाळी टीव्हीवरच्या ब्रिटिश मालिकेत एक आजीबाई आल्या आणि आई ओरडलीच, “अगं, ही तीच! लग्नानंतर तुझ्या बाबांनी इंग्रजी सिनेमाला नेलं होतं, त्यातली नायिका. कप बघ, तसाच दोन्ही हातांत धरते.”

नेटवर शोधलं. तीच निघाली! चाळीस वर्षं कामं करतेय बाई. आईने मात्र मधलं काहीच पाहिलेलं नाही. नुसत्या कपावरून ओळखलं? कसं काय?

आणि मी? व्हिसाच्या भानगडीत सहा वर्षं पुण्याला गेले नाही, पण फोन दर रविवारी केला. तरी परवा आई इथे आली, तेव्हा एअरपोर्टवर तिला शोधत तिच्याच समोरून पुढे गेले. हाक तिने मारली.

आत्ता ती समोर चहा पितेय. कप कसा धरते, ते बघतेय.